टेबलावर वाजतं, डब्यात घातलं की गप्प

गेल्या रविवारी दुपारी खालच्या मजल्यावरचा मुलगा चपलेचं खोकं घेऊन आमच्या दारात उभा राहिला. आत गिटारच्या ओव्हरड्राइव्ह पेडलचं, म्हणजे आवाज फाडणाऱ्या पायाखालच्या डबीचं, किट. दोन आठवडे खपून त्याने ते सोल्डर केलं होतं. "काका, टेबलावर मस्त वाजत होतं हो. डब्यात घातलं नि मेलं."

मी दिवसभर नाशिकच्या अंबडला एका वर्कशॉपमध्ये कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करतो आणि रात्री गिटार छेडतो, म्हणून सिडकोतली असली सगळी खोकी फिरून फिरून माझ्याकडे येतात. या तक्रारीचा हा आठवा-नववा डबा असेल. पहिला माझा स्वतःचाच होता, आणि त्याच्यापायी मी एक चांगली आयसी, म्हणजे सर्किटची मुख्य चिप, उगाच उपटून फेकली होती. आयसीला काहीच झालं नव्हतं.

किटबरोबर येणाऱ्या कागदात सोल्डरिंगची पानंच्या पानं असतात. कुठला रेझिस्टर कुठे, कपॅसिटरचा लांब पाय कुठल्या भोकात, सगळं रंगीत. शेवटी एक ओळ: आता सगळे भाग डब्यात बसवा. घोडं तिथेच पेंड खातं.

टेबलावर सर्किट लाकडावर पडलेलं असतं. ते लाकडाला कुठेही टेकलं तरी बिघडत नाही. डबा मात्र ओतीव ॲल्युमिनियमचा असतो, आणि बाहेरची घरघर आत शिरू नये म्हणून तो जॅकच्या (केबल घालायच्या खोबणीच्या) नटामधून ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या मायनसला, जोडलेला असतो. त्यामुळे डब्याची प्रत्येक भिंत, झाकण, जॅकचा सांगाडा, सगळं ग्राउंड. सिग्नलचा एखादा पाय त्याला टेकला की आवाज थेट जमिनीत. आमच्या पॅनेलमध्ये फेज बॉडीला लागली तर एमसीबी ठाप्‌कन पडतो, सगळ्या वर्कशॉपला कळतं. इथे गिटारमधून येतात काहीशे मिलिव्होल्ट. ना ठिणगी, ना वास, ना धूर. नुसती शांतता. म्हणून पोरांना वाटतं, आयसी गेली.

आयसीला हात लावायच्या आधी पेडल नेमकं कसं गप्प आहे ते बघा. फूटस्विच दाबून बायपासला न्या, म्हणजे इफेक्ट बंद करा. बायपासमध्येही गिटार ऐकू येत नसेल तर बोर्डाकडे बघूच नका. बहुतेक किटांत बायपासमध्ये सिग्नल बोर्डातून जातच नाही, जॅक ते स्विच ते जॅक एवढाच प्रवास असतो, त्यामुळे दोष तेवढ्याच वाटेवर आहे. बायपास ठीक, एलईडीही लागतो, पण इफेक्ट लावला की गप्प, असं असेल तर बोर्डाचा एखादा पाय कुठेतरी टेकतोय. एलईडीसुद्धा लागत नसेल आणि ॲडॉप्टर कोमट लागत असेल तर आधी पिन ओढा, मग पुढचं वाचा.

मुलाच्या पेडलचा बायपास चालू होता, एलईडी लागत होता, इफेक्ट गप्प. म्हणजे मधला प्रकार. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा होणारा.

पॉटची पाठ

आजकालच्या बहुतेक किटांत पॉट, म्हणजे नॉबखालचे फिरवायचे रेझिस्टर, बोर्डालाच सोल्डर होतात. डब्यात बसवल्यावर बोर्ड पॉटच्या पाठीवर पालथा पडतो. पॉटची पाठ पत्र्याची, आणि तिच्यासमोर बोर्डाची ती बाजू जिथे तुम्ही पाय कापून सोल्डर केलेलं असतं. दोघांत अंतर एक-दोन मिलिमीटर. कटरने पाय थोडे लांब राहिले, की नट आवळताना बोर्ड खाली ओढला जातो आणि पायांची टोकं पॉटच्या पाठीत रुततात.

मुलाचे तिन्ही नट सोडवले, बोर्ड अलगद वर घेतला आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. मधल्या पॉटच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढा चकचकीत ठिपका होता. बाजूला त्याच रेषेत बारीकसा ओरखडा. वरच्या बोर्डावर नेमकं त्याच जागी आयसीच्या आउटपुटकडून आलेल्या कपॅसिटरचा पाय, दीड मिलिमीटर तरी लांब. "अरे, हे तर मी बघितलंच नाही," तो म्हणाला. बघितलं असतं तरी कळलं नसतं. पॉट डब्याबाहेर असताना त्याची पाठ कशालाच जोडलेली नसते. डब्यात बसून नट आवळला की ती डब्यामार्फत ग्राउंड होते. दोष तेव्हाच जन्माला येतो.

इलाज दोन, आणि दोन्ही करायचे. पाय सोल्डरच्या टेकडीला चिकटून कापायचे, टेकडी न चिरता. आणि पॉटच्या पाठीवर काहीतरी घालायचं. काळी इन्सुलेशन टेप सगळेच लावतात. माझा तिच्यावर विश्वास नाही. कापलेला पाय सुईसारखा असतो, महिन्याभरात टेपमधून आरपार जातो, आणि उन्हाळ्यात तिचा चीक सुटून ती सरकते ते वेगळंच. स्टेशनरीवाल्याकडे कागद ठेवायची जाड प्लास्टिकची फाइल मिळते. तिची पट्टी कापून पॉट आणि बोर्डाच्या मध्ये सरकवा. पॉटवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या टोप्याही मिळतात, त्या मिळाल्या तर उत्तमच.

इथेच दुसरी एक खोड सांगतो. पॉट आधी बोर्डाला सोल्डर करून मग डब्याच्या भोकांत घालायचा प्रयत्न बरेच जण करतात. भोकं अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे असतात, मग पॉट ओढूनताणून बसवले जातात आणि तो सगळा ताण सोल्डरच्या सांध्यांवर येतो. आज वाजतं, पंधरा दिवसांनी खरखर. उलट्या क्रमाने करा. पॉट आधी डब्यात घालून नट हाताने फिरवून ठेवा, वरून बोर्ड पायांवर बसवा, सगळं आपापल्या जागी सैलसर बसलंय ना ते बघा, आणि मग सोल्डर करा. एलईडीचंही तसंच. त्याचे पाय लांब ठेवा, तोंड भोकात बसलं की मगच डाग द्या. डबाच तुमचा साचा आहे.

केबल घातली की बंद

पट्टी घातली, नट आवळले, पेडल वाजलं. मुलगा खूश. मी झाकण लावायच्या आधी केबल एकदा काढून परत घातली आणि आवाज गेला. काढली, थोडी तिरकी धरून घातली, आला. पूर्ण आत ढकलली, गेला.

हा दोष फसवा आहे, कारण मीटर लावून तपासाल तेव्हा सगळं बरोबर दिसतं. उघड्या सांगाड्याच्या जॅकमध्ये टिपची (प्लगच्या टोकाला लागणारी, सिग्नलची) जी स्प्रिंगपट्टी असते, ती केबल आत गेली की बाहेरच्या अंगाला वाकते. प्लगचं टोकही तिच्या पुढे आत घुसतं. रिकाम्या जॅकला जेवढी जागा लागते, तेवढ्यावर भागत नाही. या पोराने जॅक असा फिरवून बसवला होता की पट्टी वाकली की फूटस्विचच्या खांबाला लागत होती, आणि तो खांब त्याच्या वायरिंगमध्ये ग्राउंडचा होता. म्हणून टिप ग्राउंड.

नट सैल करून जॅक पाव फेरा फिरवला, पट्टीचं तोंड डब्याच्या मोकळ्या बाजूला केलं, झालं. तपासताना नेहमी दोन्ही केबल पूर्ण आत घालूनच तपासा. जागा अगदीच कमी असेल तर प्लास्टिकच्या कवचाचे बंद जॅक घ्या, त्यांत पट्टी बाहेर येतच नाही. पण त्यांचं वेगळं दुखणं आहे, ते खाली सांगतो.

जागेचं मूळ दुखणं मात्र डब्याच्या निवडीत असतं. हॅमंड ही कॅनडातली डबे बनवणारी कंपनी. तिचा १५९०बी हा नंबर आता सगळ्याच तशा डब्यांना चिकटलाय. तो बाहेरून साधारण ११२ बाय ६० बाय ३१ मिलिमीटर. भिंती वजा जाता आत रुंदीला जेमतेम पंचावन्न-छप्पन्न उरतात, आणि त्यात समोरासमोर दोन जॅक, मध्ये बोर्ड. १२५बी म्हणून जो डबा मिळतो तो १२२ बाय ६६ बाय ३९ च्या आसपास. कागदावर फरक किरकोळ वाटतो. हातात धरल्यावर उंचीचे ते आठ मिलिमीटर म्हणजे उभे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मावणं आणि न मावणं. पहिल्यांदा करताय तर मोठाच डबा घ्या, चार पैसे जास्त गेले तरी जाऊ देत. १९६६ साली फझ फेस नावाचं पेडल बाजारात आलं तेव्हा त्याचं खोकं माइकच्या स्टँडच्या गोल बुडावरून घेतलं होतं. आत मूठभर भाग, बाकी सगळी हवा. त्या काळच्या लोकांना या कटकटी नव्हत्या.

मीटरने बघताना

झाकण उघडं, ॲडॉप्टर काढलेला, मल्टिमीटर बीपवर. एक टोक डब्याच्या उघड्या धातूला. दुसरं टोक जॅकच्या स्लीव्हला, म्हणजे ग्राउंडच्या बाजूला, लावा, बीप यायलाच हवा, आणि ओहममध्ये बघितलंत तर एकाच्या आत. मग डीसी जॅकच्या (ॲडॉप्टरची पिन जाते त्या) प्लसला लावा. तिथे सलग बीप आला तर शॉर्ट आहे. टेकवताक्षणी अर्धा क्षण चिवचिव करून थांबला तर घाबरू नका, तो कपॅसिटर भरतोय.

आता आउटपुटच्या टिपला. इथे मी स्वतः तासभर फसलो होतो. इफेक्ट चालू बाजूला असेल आणि व्हॉल्यूमचा पॉट शून्यावर असेल, तर टिप ग्राउंडला बीप देणारच. व्हॉल्यूम शून्य करणं म्हणजे आउटपुट ग्राउंडला नेऊन बांधणंच. आधी व्हॉल्यूम पूर्ण फिरवा. १००के चा पॉट असेल तर मीटरवर शंभर किलोओहमच्या आसपास किंवा त्याहून काही कमी आकडा दिसेल. तो दिसला तर टिप मोकळी आहे.

एवढं करूनही कारण सापडलं नाही, तर सगळे नट सोडवा आणि एकेक भाग आत घालत, दर वेळी वाजवून बघत पुढे जा. बोर्ड आणि पॉट आत, जॅक बाहेर लोंबकळत: वाजतं का? इनपुट जॅक आत: वाजतं का? मग आउटपुटचा, मग डीसी, मग स्विच. कंटाळवाणं आहे. पण जिथे गप्प झालं तोच गुन्हेगार.

एलईडीच लागत नाही

पेडलच्या जगात ९ व्होल्टचा ॲडॉप्टर बहुधा मधली पिन मायनस असलेला असतो. म्हणजे बाहेरचा कडा प्लस. आता विचार करा, धातूच्या अंगाचा डीसी जॅक डब्याच्या भोकात आवळला आणि त्याचं अंग कड्याला जोडलेलं असलं तर डबा झाला प्लस. आणि तोच डबा गिटारच्या जॅकमुळे आधीच मायनस. सरळ शॉर्ट. म्हणून किटमध्ये प्लास्टिकचा डीसी जॅक दिलेला असतो, तो दिसायला भिकार म्हणून बदलून चकचकीत लावू नका. बदलायचाच असेल तर बाहेरून नट लागणारा प्लास्टिकचा घ्या. आतून नट लागणारा एकदा बसवला की वायरी कापल्याशिवाय डब्याबाहेर येत नाही.

घरातल्या वाय-फाय राउटरचा ॲडॉप्टर लावणारेही भेटतात. त्याची मधली पिन बहुधा प्लस असते, आणि पुष्कळदा तो १२ व्होल्टचा असतो. उलट्या जोडणीपासून संरक्षण म्हणून किटमध्ये १एन४००१ डायोड दिला असेल तर तो आपला जीव देऊन बाकीच्यांना वाचवतो, कधी कधी.

घरघर आणि किंकाळी

हे अंबडकरांचं खास दुखणं. इथे अंबड-सातपूरला पावडर कोटिंगची कमी नाही, ओळखीतला कुणीतरी इतर मालाबरोबर तुमचा डबाही भट्टीत टाकून देतो. रंग झकास येतो. पण तो थर विजेला अडवतो. जॅकचा नट रंगावर बसतो, धातूला लागतच नाही, डबा ग्राउंड होत नाही आणि पेडल घरघरतं. डब्याला बोट लावल्यावर घरघर बदलत असेल तर हेच कारण समजा. भोकाच्या आतल्या बाजूला पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा घासून धातू उघडा करा आणि तिथे दातेरी वॉशर घाला. कोटिंगने भोकंही थोडी आवळतात, ७ मिलिमीटरच्या भोकात पॉट अडतो. हातोडी घेऊ नका, गोल कानस दोन वेळा फिरवा.

प्लास्टिकच्या बंद जॅकचं दुखणंही हेच. त्यांचा आटा प्लास्टिकचा असेल तर स्लीव्ह डब्याला टेकतच नाही. पॉटची अंगं डब्याला लागलेली असतात म्हणून आपण निश्चिंत, पण पॉटचं अंग सर्किटच्या ग्राउंडला कुठे जोडलेलं असतं? बोर्डाच्या ग्राउंडपासून एक वायर घेऊन तिच्या टोकाला लग (भोकाची पत्री) लावा आणि तो एखाद्या पॉटच्या नटाखाली, घासलेल्या जागेवर दाबा.

गेन (आवाज फाडायचा नॉब) वाढवला की शिट्टीसारखी किंकाळी येत असेल तर इनपुटची आणि आउटपुटची वायर एकमेकींना बिलगून चालल्यात. वेगळ्या करा, भिंतीच्या कडेकडेने न्या, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. तरी थांबली नाही तर इनपुटला शील्डवाली वायर आणि तिचं शील्ड एकाच टोकाला ग्राउंड.

भोकांबद्दल थोडं

तयार भोकांचा डबा असेल तर हा भाग सोडा. स्वतः पाडत असाल तर दोन गोष्टी. पेडल समोर ठेवलं की इनपुट उजवीकडे असतो; डबा पालथा करून आतून बघताना तो डावीकडे येतो. नकाशा बाहेरचा आहे की आतला ते न बघता कागद चिकटवणारे निम्मे लोक आरशातलं पेडल बनवतात. मीही एक बनवलंय, अजून वापरतो. दुसरं, मोठं बिट थेट पातळ ॲल्युमिनियमवर चालवलं तर भोक तिकोनी येतं. सेंटर पंच, ३ मिलिमीटरचं पहिलं भोक, मग पायऱ्यांचं बिट: पॉटला ७, जॅकला साडेनऊ ते १०, फूटस्विचला १२, प्लास्टिकच्या डीसी जॅकलाही बहुधा १२. तरी हातातला भाग कॅलिपरने मोजल्याशिवाय माझ्या आकड्यांवर जाऊ नका.

फूटस्विचला दोन नट येतात. एक आत, एक बाहेर. आतल्या नटाने उंची ठरते. तो टाकून दिला तर स्विच वर उंटासारखा निघतो, आणि सैल राहिला तर दर वेळी पाय पडताना थोडा थोडा फिरत वायरी पिरगळतो. त्याच्या खांबांवर इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, तीन सेकंदांच्या वर टेकवू नका. आतलं प्लास्टिक मऊ होतं, खांब हलतो, आणि मग तो स्विच कधी लागतो कधी नाही. नऊ खांबांच्या स्विचची दिशाही बघा. चपटे खांब आडवे दिसायला हवेत की उभे ते किटच्या चित्राशी जुळवा. पाव फेरा चुकला तर सगळं वायरिंग बरोबर करूनही चूक.

झाकण

झाकण उघडं असताना वाजतं, लावलं की बंद, हा प्रकार उरतो. काहीतरी झाकणाला टेकतंय, पण काय ते दिसत नाही, कारण झाकण लावलं की दिसणंच संपतं. अंबडच्या फिटर लोकांकडून शिकलेली युक्ती सांगतो. दोन भाग एकमेकांना नेमके कुठे टेकतात ते बघायला ते निळा रंग लावतात. आपल्याला बिलबुकातला कार्बन पुरतो. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरा कागद चिकटवा, त्यावर कार्बन, शाईची बाजू कागदाकडे. झाकण दाबून स्क्रू लावा, पुन्हा उघडा. जे काही वर आलंय त्याचा निळा ठिपका कागदावर असतो.

मुलाच्या कागदावर तीन ठिपके आले. दोन स्विचच्या खांबांचे, ते जरा वाकवले. तिसरा एका उभ्या कपॅसिटरच्या डोक्याचा. त्याचं डोकं पत्र्याचं असतं आणि मायनसशी कमीजास्त जोडलेलं असतं, त्यामुळे तेवढ्याने आवाज जाईलच असं नाही, पण झाकणाचा दाब बोर्डावर येतो. तो कपॅसिटर काढून पाय वाकवून आडवा झोपवला. मग झाकणाला आतून तीच प्लास्टिकची फाइल.

स्क्रू त्यानेच लावले, ड्रायव्हरला जोर देऊन. मी हात धरला. ओतीव ॲल्युमिनियममध्ये आटे नाजूक असतात. स्क्रू आधी हलकेच उलटा फिरवायचा, टक्‌ करून तो जुन्या आट्यात बसल्याचं बोटाला कळतं, मग सुलट. चारही स्क्रू तसे टक्‌टक् करून लावेपर्यंत खाली मैदानात ढोलपथकाची तालीम सुरू झाली. त्याने केबल घातली, कॉर्ड मारली, दोघांनाही काही ऐकू येईना. एलईडीकडे बघितलं, लागलेला होता. अँपला कान लावला तेव्हा कळलं, वाजतंय.